गंगेत बुडालेलं विहिरीचं इंजिन

माझ्या सासऱ्यांनी येलदरीच्या धरणावर एकदा मोटरबोट बघितली आणि तिथून आमच्या घराला साडेसाती लागली. माणूस धरण बघायला गेला तर त्यानं धरण बघावं, भजी खावीत, घरी यावं. हे मात्र दोन तास काठावर बसून त्या बोटीचा पंखा बघत राहिले. घरी आल्यावर पाय न धुताच म्हणाले, "आपल्या नावंला इंजिन बसवायचं."

आपली नाव म्हणजे गंगेवरची गावाची लाकडी नाव. गोदावरीला आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच. भोई ती नाव बांबूनं रेटत पलीकडे न्यायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाची तक्रार नव्हती. घाई होती कुणाला? पण मामांना पलीकडच्या गावाची जिरवायची होती. सासऱ्यांना मी मामाच म्हणायची. आणि इंजिन कुठलं काढायचं, तर आमच्या विहिरीवरचं! पाच हॉर्सपॉवरचं, डिझेलवर चालणारं. चार एकर गहू पोटरीला आलेला, ओंब्या फुटायच्या बेतात, आणि त्याचा सगळा जीव त्या इंजिनावर.

"पाण्याची पाळी आठ दिसांनी हाय," मामा म्हणाले. "तवर ते हितं बसून काय करायलंय?"

"पण मामा, त्याला काही झालं तर गहू जळंल की."

"बनी तो बनी, नहीं तो परभणी!" म्हणून ते हसले. परभणीतच जन्म काढलेल्या माणसानं ही म्हण कशाच्या जिवावर म्हणावी, हे मी विचारलं नाही. सुनेनं दिवसाकाठी किती बोलावं याला तेव्हा माप होतं, आणि माझं माप सकाळी नऊलाच संपायचं.

माझे वडील पूर्णेला रेल्वेत फिटर. रान एक गुंठा नाही. हे मामा चारचौघांत हौसेनं सांगायचे, "आमच्या इवायाकडं रूळ लय, रान न्हाई." बाबा ऐकून घ्यायचे. त्यात बाबा रीत पाळणारे. लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमच्याकडे पाळणा हलला नव्हता. त्यामुळं बाबा यायचे ते घरून फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घेऊन. ओसरीवर अर्धा तास टेकायचे, स्वतःच्या तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायचे आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायचे. तो तांब्या दिसला की मी चुलीपुढं जाऊन बसायची.

तर इंजिन नावेवर चढलं. लोहारानं पंखा ठोकला, सुतारानं तळाला ओंडके बसवले आणि त्यावर इंजिन बोल्टांनी आवळलं. मुहूर्त संक्रांतीचा. पलीकडच्या देवळात ववसायला, वाण द्यायला, निघालेल्या पंचवीस बाया सुगडं घेऊन, नटूनथटून नावेत बसल्या. इंजिनाला हार होता, हळदकुंकू होतं, लिंबू होतं. अक्कल तेवढी काठावर राहिली होती.

नाव धडधडत निघाली. मामा पुढे फेटा बांधून उभे, जणू लंकाच घ्यायला निघाले. गंगेच्या मध्यावर आल्यावर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई म्हणाल्या, "गंगंची ओटी भरा गं." आता ओटी भरायची ती पूर्वेला तोंड करून. पंचवीस बाया एकदम उठल्या आणि पूर्वेच्या कडेला येऊन वाकल्या. मीही वाकले, खोटं कशाला बोलू?

भोई ओरडला, "आवो मायबाई, निम्म्या तिकडं ऱ्हावा!"

पण मावळतीला तोंड करून ओटी कोण भरणार? पाप कोण घेणार? एकही बाई हलली नाही. गंगेला पंचवीस ओट्या पोचल्या आणि मागोमाग पंचवीस बाया, मामा आणि इंजिनही पोचलं. पाणी छातीइतकंच, म्हणून जीव कुणाचा गेला नाही. सुगडं गेली, चपला गेल्या. मामांचा फेटा ओल्या बोळ्यासारखा कानावर आला.

नाव पालथी पडली होती. भोयानं आरडाओरडा न करता मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाडजूड दोर, मागवला. नावेच्या पलीकडच्या कडेला तो बांधला, तिच्या पाठीवरून अलीकडं घेतला आणि काठावर दोन बैलजोड्या जुंपल्या. बैलांनी माना घातल्या. नाव आधी उथळाकडं सरकली, मग कुशीवर झाली आणि धाडदिशी सुलटी बसली, काठोकाठ पाण्यानं भरलेली. इंजिन जागच्या जागी होतं, पण पाण्याखाली.

लगेच लोक घमेली घेऊन धावले. मामा म्हणाले, "उपसा पाणी! इंजिन भायेर काढा, उन्हात ठिवा आन हँडल मारा!"

"खबरदार!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाबा जेवताना यंत्रांबद्दलच बोलायचे, त्यामुळं मला हे लहानपणापासून पाठ होतं. बुडालेलं यंत्र पाण्यात मरत नाही, बाहेर काढल्यावर मरतं. हवा लागली की आत गंज धरतो. आत पाणी असताना हँडल मारलं तर रॉड वाकतो, मग संपलंच. हत्यारं, रॉकेल, नवं ऑइल हाताशी आल्याशिवाय त्याला पाण्यातून हलवायचंच नाही.

मी हे सांगितलं तर सगळा काठ हसला. "बुडालेलं काढायचं सोडून बाई म्हणती, बुडूनच ऱ्हाऊ द्या!"

मग माझं डोकं फिरलं. पदर खोचला, नावेत चढले आणि सरळ इंजिनावर जाऊन बसले. संक्रांतीचं पाणी कमरेच्या वर, दातावर दात वाजत होते.

"ऊठ," मामा म्हणाले.

"न्हाई उठत. पूर्णेहून बाबांना आणा, मग उठते."

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा मामांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि सायकल काढून ते स्टेशनाकडं निघाले. सहा वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनानं घेतलेला हा पहिला निर्णय.

दुपारी मामा पुन्हा घमेलं घेऊन आले, तर आत्याबाई काठी घेऊन आडव्या. "हात लावून बघा! इंजिन गेलं तर गव्हाला पाणी काय तुमचा फेटा पिळून पाजायचं?" या बाईनं मला आजवर धड हाक मारली नव्हती. संध्याकाळी भोई राखणीला बसला, तेव्हा मी उठले.

सकाळच्या पॅसेंजरनं बाबा आले. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. नावेपाशी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "हँडल कुणी मारलं?"

"कुणीच न्हाई, बाबा."

"शाबास," ते म्हणाले. मामांनी ऐकलं.

मग इंजिन वर आलं. बाबांनी ते तिथंच काठावर उघडलं, ऑइल सोडलं, आतला भाग न्‌ भाग रॉकेलनं धुतला, माझ्या जुन्या लुगड्यांनी पुसला. दुपारपर्यंत त्यांचा तांब्या रिकामा झाला. आत्याबाईंनी चहा आणला, पाणी आणलं. बाबांनी काळ्या हातांनीच नमस्कार केला आणि पुन्हा पान्हा उचलला. त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते. मी घरी गोठ्यामागं जाऊन रडले आणि ही रीत काढणाऱ्या मेल्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला.

दिवस कलताना इंजिन विहिरीवर बसलं. बाबांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काळा धूर भक्कन आला आणि इंजिन धडधडायला लागलं. पायपातून पाणी उसळलं आणि पाटानं गव्हाकडं पळालं. चार एकर वाचले.

मामांनी पाटाच्या पाण्यात हात घालून बघितला. मग म्हणाले, "इवाई, पाणी घ्या."

बाबांनी हात जोडले. "रीत हाय. नातवंड झाल्याबिगर..."

मामांनी इंजिनाकडं बोट दाखवलं. "मग हे कोण हाय? मेलेलं होतं, तुमी जल्माला घातलं. तुमच्या लेकीनं दिवसभर पोटाशी धरलं. माझ्या घरात येवढं तर माझं पोरगंबी राबत न्हाई. ह्येच नातवंड समजा आन प्या."

आमचे मालक जमिनीकडं बघायला लागले.  बाबांनी फिरकी काढली, तांब्या पायपाखाली धरला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं, तरी पीत राहिले.

नावेवर पुन्हा भोयाचा बांबू आला. मला पुढंही लेकरू झालं नाही. पण बाबा दर महिन्याला यायचे. आधी विहिरीवर जाऊन इंजिनावरून हात फिरवायचे आणि मग आमच्या घरी येऊन पोटभर जेवायचे.