आठ पेल्यांचं कोडं

सासरच्या ग्रुपवर कोडं आलं तेव्हा मी लॅबमध्ये डबा खात होतो. आठ जणांच्या रक्ताचे नमुने आहेत, आजार एकालाच आहे, कमीत कमी किती तपासण्यांत तो सापडेल? मी डाव्या हाताने लिहिलं, 'आठ. एकेक तपासायचा. आम्ही रोज हेच करतो.' वर अंगठाही टाकला, स्वतःलाच.

उत्तर तीन होतं. चार नमुन्यांचे थेंब एकत्र करून तपासायचे. आजार निघाला तर रुग्ण त्या चारांत, नाही तर उरलेल्या चारांत. मग चारांतले दोन, दोनांतला एक. कोडं टाकणारा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये बुद्धिमत्ता शिकवतो. त्याच्या आठवीतल्या मुलीने अर्ध्या मिनिटात 'तीन' लिहिलं. साडूने खाली लिहिलं, 'दाजींकडे रक्त द्यायला जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या तयारीने जावे.' सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली. माझ्या बायकोनेही टाकलं. चुकून दाबलं गेलं म्हणाली. दोनदा.

लाजेची गोष्ट अशी की साथीच्या वर्षी आम्हीच घशातले नमुने पाच-पाच एकत्र करून तपासले होते. ही युक्ती माझ्या हातांखालून शेकडो वेळा गेली होती, डोक्यापर्यंत तेवढी पोचली नव्हती.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण पुढच्या आठवड्यात बार्शीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी तो माझ्याऐवजी साडूला दाखवला. आजवर त्यांचा प्रत्येक रिपोर्ट आधी माझ्याकडे यायचा. 'जावईबापू, हे जरा बघा' एवढंच ते म्हणत. मी चष्मा पुसून, मुद्दाम थोडा वेळ लावून, 'काळजीचं काही नाही' म्हणायचो. थोरला जावई म्हणून सासरी माझी जी काही किंमत होती, ती त्या चष्मा पुसण्यात होती. आता ती किंमत सुई बघून घेरी येणाऱ्या साडूकडे गेली.

मी सूड घ्यायचं ठरवलं. सराव म्हणाल तर काही नाही. आजवरचा माझा सगळ्यात मोठा सूड म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांचं वर्तमानपत्र शब्दकोडं भरून परत करणं. पण या वेळी राग नीट मुरला होता. आंघोळ करताना, स्कूटर पुसताना, मी साडूचं पडलेलं तोंड डोळ्यांसमोर आणायचो आणि मला बरं वाटायचं.

एक दिवस लॅबमध्ये नळ्या लावता लावता मला त्याची दुखरी जागा सापडली. कोड्यात रुग्ण एकच असतो, कारण घालणारा तसं सांगतो. आमच्या टेबलावर कोणी तसं सांगत नाही. साथीतही गट बाधित निघाला की आम्ही पाचही जण वेगवेगळे तपासायचो, कारण कधी दोन निघायचे, कधी तीन. साडूची रीत पहिला सापडला की थांबते. त्याला तिथेच गाठायचं.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघे जावई बार्शीला गेलो. मामांनी रिवाजाप्रमाणे आधी माझे पाय धुतले, मग साडूचे. पण धुताना ते गप्पा मारत होते साडूशी. मी निर्धार पक्का केला. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन लिंबू सरबताचे आठ पेले भरले, चिकटपट्टीवर आकडे लिहून लावले, आणि तिसऱ्या आणि सहाव्या पेल्यात काडेचिराईताच्या काढ्याचे दहा-दहा थेंब सोडले. ते इतकं कडू असतं की ड्रॉपर धुतल्यावर माझं बोटही कडू लागत होतं.

ताट घेऊन बाहेर आलो. "पाहुणं, तुमचं कोडं आज करून दाखवा. यात कडू आहे, ते शोधायचं." हे वाक्य मी तीन दिवस घोटलं होतं. 'एकच' हा शब्द मी वापरला नाही. खोटं बोललो नाही, आकडा फक्त गिळला.

"तीन घोटांत, दाजी," साडू बाह्या सारत म्हणाला. "मुक्काम करायला नको." सगळे हसले.

त्याने पहिल्या चार पेल्यांतलं चमचा-चमचा सरबत वाटीत घेऊन चाखलं. तोंड वाकडं झालं. मग पहिल्या दोनांतलं चाखलं. गोड. मग तिसऱ्यातलं, आणि तो अंगणात जाऊन थुंकून आला. "तीन नंबर. बाकी सात बिनधास्त प्या."

सहावा पेला मी मुद्दाम त्याच्या हातापाशी ठेवला होता. त्याने तोच उचलला. माझ्या कानांत ढोल वाजायला लागले. आणि त्या शहाण्याने तो दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. "मामा, पहिला मान तुमचा."

मी अर्धा उठलो. तेव्हा बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर दोन पेल्यांत घातलं हे मीच सांगितलं असतं, म्हणून मी अर्धा उठलेला तसाच राहिलो. मामांनी एक घोट घेतला. थांबले. पेल्यात बघितलं, साडूकडे बघितलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. आणि सगळा पेला संपवला.

"झकास," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. साडूने मला तीन बोटं दाखवली. मी उरलेलं गोड सरबत मामांच्या रिकाम्या पेल्याकडे बघत प्यालो.

निघायच्या आधी मामांनी मला मागच्या दारी बोलावलं. ते चूळ भरत होते. बहुतेक चौथ्यांदा.

"दोन व्हते व्हय?"

"मामा, चुकलो. तो तुमच्यासाठी नव्हता."

"ते कळलं की. धाकटे जावई चार पोरांना शिकवत्यात, चारचौघांत त्यांचं उणं कशाला काढायचं, म्हणून पिलो." त्यांनी तोंड पुसलं. "मला येक सांगा. लॅबात येक सापडला की थांबता का तुमी?"

"नाही. सगळे तपासतो."

"मग तुमचं आठच बराबर हाय." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे जरा बघा."

मी चष्मा पुसला. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं. "काळजीचं काही नाही," म्हणालो, आणि या वेळी कागद दोनदा वाचून म्हणालो.

परतीच्या एस.टी.त मी बायकोला सगळं सांगितलं. साडू न हरता हरला, मामांनी आठ बरोबर म्हटलं, रिपोर्ट परत माझ्याकडे आला, असं बोटं मोजून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे माझ्या वडलांना काडेचिराईत पाजून तुम्ही पास झालात," ती म्हणाली. "आता तेवढं ग्रुपवर टाकू नका."