निशाणाकडे पाठ

निकालाची अजिबात पर्वा नसलेले दोनच जीव मी आयुष्यात पाहिले. एक आमच्या सासुरवाडीचा बैल आणि दुसरे माझे सासरे. त्यातला बैल तरी पळून झाल्यावर कधीमधी मागे वळून बघतो. सासरे तेवढंही करत नाहीत.

मी मंचरला एका शाळेत दहावीला गणित शिकवतो, म्हणजे माझं पोटच निकालावर आहे. निकालाच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही, आणि निकाल चांगला लागला तर दुसऱ्या दिवशीही जात नाही, कारण पेढे फार झालेले असतात. चहात साखर घातली की ती विरघळली का हे मी चमच्याने तळाशी जाऊन तपासतो. अशा माणसाला हे सासरे मिळाले यात देवाची काही योजना असावी, असं माझी आई म्हणते. मला तो देवाचा निव्वळ खोडसाळपणा वाटतो.

सासरे गाडामालक आहेत. ओझरच्या अलीकडे त्यांचं गाव. आमच्या भागात घाट म्हटलं की नदीचा घाट कुणाच्या डोक्यात येत नाही. बैलगाडा पळवायची ती चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली धावपट्टी, तिला घाट म्हणतात. खाली गाडा जुंपायचा, झेंडी पडली की सोडायचा, आणि वरच्या टोकाला निशाण. गाड्याची एक पळ म्हणजे एक बारी. बारी इतक्या पटकन संपते की नवख्या पाहुण्याला त्या वेळात शिंक आली तर त्याला पुढच्या गाड्याची वाट बघावी लागते. एवढ्याशा कामासाठी सासरे वर्षभर बैलाची सेवा करतात. पहाटे उठून त्याला कॅनॉलात पोहायला नेतात, अंगाला हात लावून लावून मालिश करतात, कणकेचे गोळे दुधात कालवून भरवतात. त्यांच्या आत्ताच्या बैलाचं नाव मेजर. मेजरला रोज जेवढी अंडी मिळतात तेवढी मला जावई म्हणून दिवाळसणालाही मिळाली नव्हती.

आणि एवढं सगळं करून, यात्रेच्या दिवशी, झेंडी पडून गाडा सुटला की हा माणूस घाटाकडे पाठ फिरवतो. लाउडस्पीकरवाला घसा फाटेस्तोवर 'भिर्रर्र' ओरडत असतो, माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली असतात, भंडारा उधळून आभाळ पिवळं झालेलं असतं, आणि सासरे खाली मातीत बसून मेजरच्या अंगावरची झूल नीट घडी घालत असतात. घडीला घडी जुळली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असतो. आयुष्यात त्यांनी आपला एकही बैल निशाणाला पोचताना पाहिलेला नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी त्यांना विचारलं, "मामा, बघत का नाही?"

"माझं काम झेंडीपत्तूर, पावणं," ते म्हणाले. "फुडचं बैलाचं हाय. त्याच्या कामात आपन कशाला नाक खुपसायचं?"

बक्षिसाची ढाल घ्यायला सासूबाई जातात. त्या बायकांच्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उंचावर बसतात आणि गाव म्हणतं की त्यांचा आवाज निघाला तर लाउडस्पीकर बंद ठेवला तरी चालेल. घरी ओळीने ढाली लावल्यात, त्याही सासूबाईच पुसतात. सासरे त्यातल्या सगळ्यात मोठीवर कासरा वाळत घालतात.

मध्यंतरी कोर्टाची बंदी आली आणि शर्यती बरीच वर्षं बंद होत्या. लोकांनी बैल विकले, घाटात बाभळी उगवल्या. सासरे पहाटे उठून कॅनॉलावर जात राहिले. बाभळी तोडून त्यांनी आपल्यापुरती वाट केली आणि रोज बैलाला चढावर चालवत राहिले. त्यांचा तेव्हाचा बैल उमेदीची सगळी वर्षं एकही बारी न पळता म्हातारा झाला. मी न राहवून म्हणालो, "मामा, शर्यतच नाही तर हे कशासाठी?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी बैलाला मोबाइल का देत नाही असं विचारलं होतं. "बंदी शर्यतीवर हाय," ते म्हणाले. "चालन्यावर न्हाई."

हे फक्त बैलापुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण गडी सगळीकडे तसाच. ओझरच्या गणपतीला आम्ही सगळे मिळून गेलो होतो. चतुर्थीची रांग, ऊन मी म्हणत होतं. सासरे तासन् तास रांगेत उभे राहिले, पुढच्या माणसाच्या मुलीचं स्थळ ऐकून घेतलं, मागच्या बाईंच्या गुडघ्यावर औषध सांगितलं, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आल्यावर एका म्हाताऱ्याला आपली जागा देऊन बाजूच्या दाराने बाहेर पडले. सासूबाईंनी तिथेच कपाळावर हात मारला. "अहो, दर्शन?" तर म्हणतात, "रांगंत लई चांगली मानसं भेटली. आन् गनपतीला काय मी दिसलो नसंन व्हय?"

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी पायाला भिंगरी लावून एका उमेदवाराचा प्रचार केला. मतदान झालं तसे ते कांद्याच्या लागणीला लागले आणि कोण आलं, कोण पडलं, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. पुढचे कित्येक महिने ते पडलेल्या माणसाला भर चौकात "रामराम सरपंच" घालत होते. त्याच्या घरच्यांनीसुद्धा त्याला तसं म्हणायचं सोडलं होतं. तो बिचारा रोज सकाळी त्याच रस्त्याने यायला लागला. खरे सरपंच मात्र सासऱ्यांशी अजून बोलत नाहीत.

आमच्या लग्नातही तेच. मांडव त्यांनी स्वतः घातला, आचाऱ्याच्या डोक्यावर उभे राहिले, माझ्या बाजूच्या एकेका रुसलेल्या काकाची समजूत काढली. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं, अंतरपाट खाली येणार, तेवढ्यात वधूपिता वळले आणि बुंदी ढवळायला निघून गेले. अल्बममध्ये सगळ्यांच्या हातात अक्षता आहेत, सगळे हसतायत, आणि मागे एक फेट्याचा शेमला लांब जाताना दिसतो. ते माझे सासरे. ही अजून त्या फोटोवर बोट ठेवून म्हणते, "बघा, माझं कन्यादान!"

मला मनातून याचा राग यायचा. आपण निकालासाठी जीव टाकावा आणि समोरच्याने पाठ करून झूल घडी घालावी, हे माझ्यासारख्याला लागतं. गाव त्यांना साधुपुरुष म्हणायचं. मला वाटायचं, वैरागी वगैरे काही नाही, हा माणूस कोरडा आहे. तसं मी हिच्याजवळ बोललोही होतो, आणि त्यानंतर आमच्या घरी काही दिवस भाजीत मीठ नव्हतं.

या पौषात सासूबाईंना झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मंचरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मीच धावपळीला होतो. सासरे सोबत राहिले. त्यांनी सासूबाईंचे पाय चोळले, अगदी मेजरचे चोळतात तसे, वरून खाली, एक स्नायू न सोडता. भाकरी दुधात कुस्करून चमच्याने भरवली. नर्सने एकदा व्यायाम दाखवला, तो त्यांनी असा उचलला की पुढे नर्सच शेजारच्या पेशंटच्या लोकांना त्यांच्याकडे पाठवू लागली. पण डॉक्टर राउंडला आले की सासरे उठून खिडकीपाशी जायचे आणि आमच्याकडे पाठ करून सासूबाईंची शाल घडी घालायला लागायचे. डॉक्टर मला सांगायचे. मला ते बघून अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा ते पाणी भरायला बाहेर गेले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मामी, आता तरी त्यांनी ऐकायला नको का?"

सासूबाईंना तेव्हा बोलायला वेळ लागायचा. शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "त्यास्नी... सांगू नका. सोसत न्हाई त्यास्नी."

"त्यांना? त्यांना तर कशाचंच काही वाटत नाही!"

सासूबाई अर्ध्या तोंडाने हसल्या. "लगीन झाल्यापासनं बघती. लोक बैल बघत्यात. मी... ह्यांची पाठ बघती. गाडा सुटला की सदरा भिजून जातो. साधुबिधू काय न्हाई, पावणं. भ्यात्यात ते. लई भ्यात्यात."

तेवढ्यात सासरे तांब्या घेऊन आले आणि पाठोपाठ डॉक्टर. सासरे नेहमीप्रमाणे खिडकीकडे वळले. डॉक्टर सांगत होते की धोका टळलाय, पण चालतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, व्यायाम करत राहायचं, बघू. मी ते अर्धवट ऐकलं. पौषाची थंडी होती, वॉर्डात सगळे कानटोप्या घालून बसले होते, आणि सासऱ्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. शालीची घडी काही केल्या जुळत नव्हती. इतकी वर्षं मी त्या पाठीला कोरडी म्हणत होतो.

डॉक्टर गेल्यावर ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "हा डॉक्टर चांगलाय. कायच सांगत न्हाई."

घरी नेल्यावर सासऱ्यांनी आपल्या दिवसात जागा केली. पहाटे मेजर, मग सासूबाई. आधी पलंगाभोवती, मग अंगणात, मग गोठ्यापर्यंत. सासूबाईंना एकच गोष्ट हवी होती. चैत्रात यात्रा होती, आणि यात्रेला घाटाच्या वरच्या अंगाला, निशाणाशेजारच्या आपल्या ट्रॉलीत, कुणी उचलून न नेता स्वतःच्या पायांनी जाऊन बसायचं. नातेवाईक समजूत घालायचे, की घरी मोबाइलवर लाइव्ह दिसतं. त्या म्हणायच्या, "मोबाइलवर ह्यांची पाठ दिसती का?"

यात्रा तोंडावर आली तेव्हा रविवार बघून मी गेलो. दोघं घरात नव्हती. घाटावर होती. घाट मोकळा होता, बाजूला मेजर शेपटीने माशा वारत उभा होता, आणि चढावरून सासूबाई चालत होत्या. वॉकर खाली पायथ्याशी ठेवला होता, तो सासूबाईंनी मला धरायला सांगितला. सासरे त्यांच्या पुढे होते, पण तोंड त्यांच्याकडे करून. तो आख्खा चढ ते उलट्या पावलांनी चढत होते. हात पुढे धरलेले, पण लावलेले नव्हते.

"हां... सावकाश... घाई न्हाई... आता डावा..."

"मी काय बैल हाय व्हय?"

"बैल इतकं बोलत न्हाई."

सासूबाई थांबल्या, दम घेतला. पाय थरथरत होता. "किती ऱ्हायलं?"

"मला काय ठावं? माझी पाठ हाय तिकडं."

सासूबाईंना हसू आलं आणि हसताना तोल गेला. सासऱ्यांचे हात पुढे झाले, पण सासूबाईंनी स्वतःच स्वतःला सावरलं, आणि ते हात तसेच मागे गेले. पुढचं पाऊल पडलं. मी पायथ्याशी उभा होतो, म्हणून मला सासऱ्यांचा चेहरा समोरून दिसत होता. बारी चालू असताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. सासूबाईंनी सांगितली होती ती सगळी भीती त्यावर होती, अगदी ओठांपर्यंत आलेली. आणि तरी ते बघत होते. एकेक पाऊल बघत होते, निशाण सोडून सगळं.

माझा फोन वाजला. ही होती. "पोचलात का? आई कशी आहे? आणि घाटावर नेणार होते ना बाबा आज? गेली का ती वरपर्यंत?"

निशाणाची काठी वर दिसत होती. अंतर किती उरलंय याचा अंदाज मला सहज बांधता आला असता, माझा विषयच तो आहे. मी वॉकर दुसऱ्या हातात घेतला.

"चालतेय," मी म्हणालो.

"अहो, पण पोचली का?"

"चालतेय गं," मी म्हणालो.