वेत्तिलै राव आणि माझं धडधडणारं काळीज

रावमामांना बोलायचं असलं, तर आधी उठावं लागे. सकाळी सहाला तोंडात गेलेला विडा संपला की लगेच दुसरा जाई, आणि पिंक टाकायची तर दुकानाच्या फळीवरून उतरून कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत चालत जायचं. देह भला मोठा, गुडघे दुखरे, उठायचा मनस्वी कंटाळा. त्यामुळे समोरचा काहीही सांगत असो, ते आधी मनाशी ठरवत की याला उत्तर देण्यासाठी उठण्यात अर्थ आहे का. बहुतेक वेळा नसायचाच. दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस अख्ख्या कुंभकोणमात तेवढा एकच होता, आणि त्याचं श्रेय सद्गुणाला नव्हतं, विड्याला होतं. हे त्यांचंच मत.

वेत्तिलै म्हणजे तमिळमध्ये विड्याचं पान. रावमामा पानांचे व्यापारी, म्हणून गाव त्यांना वेत्तिलै राव म्हणे. आमच्यासारखेच तेही तंजावरकडचे मराठी, घरी विठ्ठलाची पूजा, कपाळावर बुक्का, आणि बोलणं पणजोबांच्या काळातलं. मी हे सगळं छापील मराठीत लिहितो आहे याबद्दल वाचकांनी आभार मानावेत. आमची मराठी तशीच्या तशी छापली, तर लोक बखर समजून कपाटात ठेवून देतील.

मी तेव्हा तिशीचा, शाळेत गणिताचा मास्तर. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. बाहेरून पाहणाऱ्याला माझ्यात काही खोट दिसली नसती. पण अधूनमधून, काही कारण नसताना, माझं काळीज एकदम धडधडू लागे, हातपाय गार पडत, आणि आपण आता, या क्षणी, मरणार अशी माझी खात्री पटे. वडील चाळिशीच्या आत, जेवता जेवता गेले होते. त्यामुळे मी डावा हात उजव्या हाताच्या नाडीवर ठेवूनच जेवत असे. आमटी डाव्या हाताने वाढून घेता येत नाही, ही त्यातली अडचण.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण सुंदरपेरुमाळ कोयिलच्या स्टेशनात माझी शोभा झाली. माझी बायको सरू गरोदर होती. तिला सातव्या महिन्यात माहेरी, तंजावरला सोडायला निघालो होतो. आमचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं, आणि त्या वेळी मी परीक्षेच्या कामावर होतो. सरू एकटी होती. म्हणून या खेपेस तिने गर्भ राखणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीचं दर्शन घेतलं, तिथला प्रसाद म्हणून मिळालेलं एरंडेल डबीत जपून ठेवलं, आणि माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, की बाळंतपणाच्या वेळी तुम्ही तिथे असा. मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो. गाडी सुंदरपेरुमाळ कोयिलला थांबली आणि छातीत सुरू झालं. मरायचंच तर चारचौघांत नको, असा सभ्य विचार करून मी ‘पाणी घेऊन येतो’ म्हणालो, खाली उतरलो आणि फलाटावर एका झाडाखाली आडवा झालो. गाडी सुटली. खिडकीत सरूचा चेहरा होता, तो गेला. मी मेलो नाही. स्टेशनमास्तरांनी ताक पाजलं, ते प्यायलो, आणि बैलगाडीत बसून कुंभकोणमला परत आलो. सात महिन्यांची पोटुशी बाई एकटी माहेरी सुखरूप पोचली म्हणून माझ्या सासरच्या सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. सरूचं पत्र आलं, त्यात रागाचा एक शब्द नव्हता. ‘प्रकृतीस जपावें. पाणी मिळालें असेलच.’ एवढंच.

त्यानंतर गाडीची शिट्टी ऐकली तरी मला घाम फुटे. हातात दोनच महिने होते. तेवढ्यात बरं व्हायचं ठरवून मी दारोदार हिंडू लागलो.

पहिल्यांदा एक वैद्य गाठले. त्यांनी वात ठरवला, डोक्याला थापायला तेल दिलं आणि रोज सकाळी विड्याच्या पानातून घ्यायला अवलेह दिला. तेलाच्या वासाने माझ्या वर्गातली पहिली दोन बाकं रिकामी झाली. मग ज्योतिषी. त्यांनी पत्रिका पाहून प्रवासात गंडांतर सांगितलं, म्हणजे आगीत तेलच ओतलं. मग नळीवाले डॉक्टर. त्यांनी छाती तपासून ‘घोड्याचं काळीज आहे तुमचं’ म्हटलं. माझ्यापासून ते काहीतरी लपवताहेत अशी शंका येऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही घोडाच सांगितला. थोरल्या भावाने ‘मन घट्ट कर’ असं सांगितलं आणि कसं करायचं ते न सांगताच तो अंघोळीला गेला.

खरी अडचण वेगळीच होती. आम्हा लोकांची घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. तमिळमध्ये मी भाजी घेत होतो, भांडत होतो, त्रिकोण शिकवत होतो. पण ‘मला भीती वाटते’ एवढं वाक्य काही केल्या तमिळमध्ये माझ्या तोंडातून निघत नव्हतं. मराठीत सांगावं तर ते घरच्यांनाच, आणि घरच्यांना सांगितलेलं चार दिवसांत तंजावरला सासुरवाडीत पोचतं. म्हणून पुण्याचे एक डॉक्टर, मनाच्या दुखण्यांचा अभ्यास केलेले, कोणाकडे तरी महिनाभर राहायला आले आहेत असं ऐकलं, तेव्हा मला देवच पावला असं वाटलं. धोतर बदलून गेलो. म्हणालो, “मज रात्रंदिन भय वाटतें हो.”

ते खुर्चीतून उठलेच. “वा! मज! रात्रंदिन! पुन्हा म्हणा पाहू!” आणि वही काढली. मी तीन वेळा गेलो. माझं भय, घाम, छातीतली धडधड, सगळं त्यांनी आनंदाने टिपून घेतलं, पण दुखणं म्हणून नव्हे, जुने शब्द म्हणून. निरोप देताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “तुमच्या आजाराचे फार उपकार झाले माझ्यावर.” भला माणूस होता, त्याला दोष देत नाही. माझं दुखणं मात्र मी जसंच्या तसं घरी घेऊन आलो.

अवलेहासाठी पान लागे, म्हणून मी रोज रावमामांच्या दुकानी जात होतो. एका सकाळी तिथेच धडधड सुरू झाली. मी फळीवर बसलो, म्हणालो, “मामा, मी चाललों.” इतर कुणी असतं तर पंख्याने वारा घातला असता, तोंडावर पाणी मारलं असतं, दहा माणसं गोळा केली असती. रावमामांनी माझ्याकडे पाहिलं, एक ओलं फडकं आणि पानांची एक चवड माझ्यापुढे सरकवली आणि पुसायची खूण केली. माणूस मरायला टेकलाय आणि याला पानांची पडली आहे, म्हणून मला भयंकर राग आला. रागारागात मी पंधरावीस पानं पुसली. मग ध्यानात आलं, की अजून आहे मी.

तेव्हापासून मी रोज शाळेआधी तासभर पानं पुसायला बसू लागलो. गिऱ्हाईक असलं की तमिळ, नसलं की मराठी. ते दुकान ना घर होतं ना बाहेर. मी सगळं सांगितलं. वडिलांचं, पहिल्या मुलाचं, त्या फलाटाचं. हे सारं मी प्रथमच मोठ्याने बोलत होतो. ते पानं उलटीपालटी करत होते, कुजलेलं पान काढून टाकत होते, आणि मान हलवत होते. मास्तरकीच्या खोडीने मी एकदा विचारलंसुद्धा, “मामा, मनांतलें कुजकेंही असेंच काढून टाकायचें, असें सांगतां ना?” ते उठले, गटारापर्यंत गेले, परत आले, आणि म्हणाले, “पान आहे रे तें. पान कुजतें.” एवढ्यासाठी त्यांना उठवलं, याची मला अजून लाज वाटते.

पण कधी कधी ते आपण होऊन उठत. एकदा म्हणाले, “भय आलें तर येऊं दे. दारीं आलेल्यास बस म्हणतों कीं नाहीं? बस म्हणावें. जेवूं घालायला पाहिजे असें नाहीं.” आणि आठवडाभराने विचारलं, “माझ्यापाशीं बसणें मानवतें कां तुज? नाहीं तर सांग बा. मी रुसणार नाहीं. दुसऱ्याच्या वहाणा घालून पाय कापून घेऊं नये.” असं मला वैद्याने, ज्योतिष्याने, डॉक्टराने कुणीच विचारलं नव्हतं. मुलगा गेलेली एक विणकराची बायको त्यांच्याकडे येऊन बसली, तर तिला त्यांनी बसू दिलं नाही, थेट इन्नंबूरच्या एका म्हाताऱ्या सुइणीकडे पाठवलं. “तिचें ऐकायला बाईच पाहिजे,” म्हणाले. आणि ती बाई मग तिकडेच जात राहिली.

एक दिवस त्यांनी पानांची पाटी माझ्या मांडीवर ठेवली. स्वामिमलैच्या गिऱ्हाइकाची. “गाडीनें जा, देऊन ये. उन्हांत ठेवूं नको, वाळतील.” मी म्हणालो, मला जमायचं नाही. त्यांनी विडा चघळत पाटीवर ओलं फडकं टाकलं. गाडीत बसलो, सुरू झालं, उतरावंसं वाटलं. पण पाटी घेऊन भलत्या ठिकाणी उतरलो तर पानं वाळणार आणि मामा उठणार. नको रे बाबा. पोचवून आलो. चार दिवसांनी सुंदरपेरुमाळ कोयिल. तिथे त्याच झाडाखाली पुन्हा सुरू झालं, मी पाटीशेजारी खाली बसलो, भयाला बस म्हणालो, आणि त्याला काहीही खायला न देता पाचदहा मिनिटं पानांवर पाणी शिंपडत राहिलो. स्टेशनमास्तर ताक घेऊन धावत आले. मी म्हणालो, आज नको. पुढच्या आठवड्यात पापनाशम. तंजावरला घेऊन जाण्याची पाटी शुक्रवारी भरायची ठरली.

बुधवारी सकाळी तार आली. सरूला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. नऊची गाडी होती. मी तार हातात घेऊन तसाच दुकानाकडे धावलो. दुकानासमोर माणसं उभी होती. रावमामा पहाटे पानं उलटवता उलटवता गेले होते. बसल्या बसल्या. मला ज्याचं वर्षानुवर्षं भय वाटत होतं, अगदी तसं.

आत घोंगडीवर निजवलं होतं त्यांना. मी पायांशी बसलो आणि माझं डोकं चालेना. नऊला गाडी, दहाला त्यांना नेणार. ज्या माणसाने मला माणसांत आणलं, त्याला खांदा न देता जायचं? का त्याला खांदा देऊन पुन्हा सरूला एकटी सोडायची? खरं सांगतो, इतका वेळ बसून राहिलो, त्यात थोडा भित्रेपणाही होता. मामा नसताना गाडीत बसायचं माझ्या जिवावर आलं होतं आणि मरणाचं निमित्त आयतं मिळालं होतं. त्यांच्या सुनेने माझ्या हातातली तार पाहिली. रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, “मामंजी असते तर तुम्हांस इथें बसूं दिलें असतें कां? उठा. खांदा द्यायला माणसें आहेत. तिकडे तुम्ही एकच.”

मी उठलो. पायांना हात लावला, आणि स्टेशनकडे पळालो.

त्या गाडीत मी जो रडायला लागलो, तो थांबेचना. शेजारचे लोक सरकून बसले. स्वामिमलै गेलं, सुंदरपेरुमाळ कोयिल गेलं, पापनाशम गेलं, मी आपला पंच्याने तोंड पुसतो आहे आणि पुन्हा रडतो आहे. धडधडही झाली मध्ये, झाली असेल. तिच्याकडे पाहायला मला सवड नव्हती. तंजावरला उतरलो, जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात, बसलो, सासुरवाडीच्या दारात शिरलो, तोही रडतच.

सासूबाई ओटीवरच होत्या. मला पाहून त्यांचा पारा चढला. “मुलगी जाली म्हणून रडतां? शिकलेले ना तुम्ही? सोन्यासारखें लेंकरूं आहे, आई धड आहे, आणि दारांत येऊन गळा काढतां? लाज नाहीं वाटत, जांवई?”

मला सांगता येईना, की त्यासाठी नाही हो, माझं माणूस गेलं. हुंदकाच आवरेना. त्या आणखी काही बोलणार, तोच आतून, बाळंतिणीच्या खोलीतून, सरूचा थकलेला आवाज आला.

“रडूं द्या, आई,” ती म्हणाली. “आलेत ना.”