बादलीला लाथ आणि दिंद्रुडची जबानी

दिंद्रुडच्या देशमुखांचा निरोप आला: मुलाला इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट येत असतील तरच मुलगी दाखवू. मुलगा म्हणजे माझा भाचा वसंता. दोन स्थळं आधीच हुकली होती आणि बहिणीने अन्न टाकायचंच बाकी ठेवलं होतं. मी बीडच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, म्हणून तयारी माझ्या गळ्यात पडली. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत चालते, घर मराठीत. इंग्रजी फक्त लग्नं जमवायला लागते.

नामदेवची बैलगाडी जाऊन-येऊन निजामी नाण्यातल्या चार हाली रुपयांना ठरली. वडवणीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे तेलगावपर्यंत अशा चाकोऱ्या आहेत की जाणाऱ्याने बुडाखाली दोन गोधड्या घ्याव्यात. वडवणीला मुक्कामात भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. ठेचा जपून खावा.

वसंता गाडीत पाठांतर करत होता. "जोराचा पाऊस आला की इंग्रज म्हणतात, कुत्री-मांजरं पडताहेत."

"कुत्री का म्हून पडतील मास्तर?" नामदेवने वळून विचारलं. "आमच्याकडं साधं पानी पडलं तरी लई झालं."

"सांडलेल्या दुधावर रडू नये."

"सांडलं कुनी, सुनंनं का सासूनं? रडायचं का न्हाई ते त्यावर हाय."

मी त्याला बैलांकडे बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिंद्रुडला पोचलो. ओसरीवर वीसेक माणसं बसली होती. इंग्रजी एकालाही येत नव्हती, त्यामुळे परीक्षा कडक होती. देशमुखांचा जन्म जमिनीच्या खटल्यांत गेलेला. येईल त्या मुलाची उत्तरं ते कारकुनाकडून जबानीसारखी मोडीत लिहून घेत आणि आधीच्या मुलांच्या जबानीशी ताडून बघत.

वसंताची नऊ उत्तरं जुळली. दहावा वाक्प्रचार आला, बादलीला लाथ मारणे.

"मरणे," वसंता म्हणाला.

ओसरी चपापली. कारकुनाने पानं उलटली. "मालक, पत्रिका न जुळता परत गेले त्या तिघांची जबानी येगळी हाय. रागाच्या भरात हातचं काम नासवणे. तिघंबी बीडच्या साळंत शिकल्याले."

"तीन गवाह एकीकडं, ह्यो एकला एकीकडं," देशमुख म्हणाले. "पोरगं ठोकून देतंय, मास्तर. उठा आता."

वसंता माझ्याकडे बघत राहिला. ते तिघे माझेच विद्यार्थी. त्या काळी मला अर्थ ठाऊक नव्हता. वर्गापुढे अडणं मास्तराला शोभत नाही म्हणून मी जागच्या जागी एक बनवून दिला होता. खरा अर्थ सोलापूरहून पुस्तक मागवलं तेव्हा कळला. तो भाच्याला सांगितला, वर्गाला नाही. आता गप्प बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती आणि हेही स्थळ गेलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरगं खरं बोलतंय," मी म्हणालो. "त्या तिघांना मी चुकीचं शिकवलं."

देशमुखांनी मांडीवर थाप मारली. "चाळीस वर्सं कचेऱ्या झिजवल्या, पर सोताच्या इरोधात गवाही देनारा आज बघितला! कारकून, लिवून घ्या."

कारकुनाने लिहून मोठ्याने वाचलं: मला इंग्रजी पुरती येत नाही, हे राजीखुशीने लिहून देतो.

"करा दस्तखत," देशमुख म्हणाले. "विंग्रजीत करा."

केली. चांगली वळणदार केली.

मग मुलगी दाखवली आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली. परतताना नामदेवने विचारलं, "मास्तर, सूनबाईला येतीया का विंग्रजी?"

"नाही."

"मंग ह्यो बोलनार कुनासंगं?"

आता बीडला येऊन महिना झाला. पाठीचा ठणका गेला, बहीण पोटभर जेवू लागली. काल लग्नाच्या आमंत्रणाचा मजकूर देशमुखांकडून तपासून आला. माझ्या नावापुढचं 'इंग्रजीचे मास्तर' खोडून त्यांनी लिहिलंय, 'मुलाचे मामा, खरं बोलणारे'. वाचून डोळ्यांत पाणी आलं.

वर्गात मात्र बादलीचा अर्थ मी अजून बदललेला नाही.