आईंचं पाणी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोर नाही, माहेरी नाही. बुद्धविहारात डोळे मिटून बसले, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी तिला वळसा घालूनच गेले. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

माझ्या सासूबद्दल आहे. मी त्यांना आई म्हणायची. भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा सासरे भंडाऱ्याकडून इथे आले आणि पाठोपाठ आई आल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचं डोकं — काय सांगू? आमच्या कोहक्यापासून पार कुम्हारीपर्यंत आपल्या समाजातलं कोणतं घर कोणत्या गावचं, कोणाची पोरगी कुठं दिली, कोण कोणाचा मावसभाऊ, सगळं तोंडपाठ. सोयरीक जुळवायची असली की लोक आधी आमच्या दारात. "बुढीले विचारा," म्हणत. आई खाटेवर पाय वर घेऊन बसायच्या आणि पिढ्या सांगायच्या. नाव चुकायचं नाही. त्याचा त्यांना केवढा अभिमान होता! आणि मी नेमकं तेच —

थांबा. आधी पाण्याचं सांगते.

आई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण आमचं संडास-बाथरूम अंगणाच्या मागच्या टोकाला, पायरी उतरून. एकटीनं जाणं शक्यच नव्हतं. नवरा — विलास — प्लांटमध्ये, शिफ्ट ड्युटी. मी नेहरू नगरला साड्यांच्या दुकानात कामाला. सकाळी त्यांना नेऊन आणायचं आणि निघायचं. दुपारी एक चक्कर मारायची असं ठरलं होतं, पण लग्नसराईत कुठलं जमतंय? संध्याकाळी घरी यावं तर गादी ओली. आई ओलं लुगडं गुंडाळून खाटेखाली सारून ठेवायच्या. मला दिसू नये म्हणून. मी काही बोलायची नाही — तोंडानं नाही. बादली आपटायची. त्यांना ऐकू जाईल अशी आपटायची.

मग त्यांच्या पायांना सूज आली. विलास ड्युटीवर होता, मीच ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि हिंदीत भराभर सांगितलं — जेवणात मीठ कमी करा. एवढंच. आईंना कमी ऐकू यायचं. परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, "काय म्हनला वं डॉक्टर?"

मी म्हणाले, "मीठ कमी करा म्हणाले. आणि पाणीही."

आणि पाणीही.

ठरवून बोलले का मी? नाही. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर परत घेतलं नाही. आणि घरी आल्यावर त्यांच्या उशाजवळचा तांब्या उचलून मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला — तो मात्र ठरवून.

आईंनी डॉक्टरचा म्हणून तो शब्द पाळला. ऐन उन्हाळा, कूलरचीही हवा गरम, आणि ही बाई घोटभर चहावर दिवस काढायची. शेजारीण एकदा लिंबाचं सरबत घेऊन आली. "नाई बाप्पा, डॉक्टरनं मना केलं," म्हणून आईंनी परत पाठवलं. मी तिथेच होते, भाजी निवडत. ओठ सुकून त्यांची सालं निघत होती. मी भाजी निवडत राहिले. आणि गादी? गादी कोरडी राहू लागली. मला सुख वाटलं. हेही लपवत नाही — संध्याकाळी कोरड्या गादीवर हात फिरवून मला सुख वाटायचं.

पुढं एक दिवस आई म्हणाल्या, "बाई, लघवीले आग होऊन राहिली. घडीघडी लागल्यासारखं वाटते, अन् होत काईच नाई."

"उन्हानं होते तसं," मी म्हणाले.

त्यांना बाथरूममध्ये न्यायची मीच. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता आणि वास असा की नाकाला पदर लावावा. मी पाहिलं. वास घेतला. वरून फिनाईल ओतलं. काय म्हणायचं याला? मला कळलं नाही असं म्हणण्याचीही सोय नाही.

मग एका सकाळी आईंनी विलासला सासऱ्यांच्या नावानं हाक मारली. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालेली. "माही पेटी कुठं हाय? गाडी सुटून राहिली नं!" म्हणत खाटेवरून उतरायला लागल्या. खिडकीचा पडदा ओढून घडी करायला लागल्या, सामान बांधल्यासारखा. विलास दारातच थिजला. अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"आईले काय झालं? डोकं त नाई फिरलं?"

मी म्हणाले, "वय झालं, दुसरं काय."

त्या शब्दांवर आमचा अर्धा दिवस गेला. दुपारी आईंना हुडहुडी भरली, खाट वाजायला लागली, तेव्हा विलासनं गाडी बोलावली.

हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या. लघवी तपासली, रक्त तपासलं. लघवीच्या पिशवीत इन्फेक्शन झालं होतं आणि ते वर किडनीपर्यंत चढायला लागलं होतं. सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. बाई आम्हाला म्हणाल्या, तरुण माणसाला ताप येतो, आग होते, तो सांगतो. म्हाताऱ्या माणसांचं कधीकधी आधी भानच हरपतं. घरच्यांना वाटतं वयानं डोकं गेलं, आणि उपचार राहून जातो. औषध लागू पडलं की भान परत येतं.

तसंच झालं. दिवसागणिक आई उतरत्या पुरासारख्या निवळत गेल्या. एके दिवशी त्यांनी नर्सला तिचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि तिची आजी आपल्या ओळखीची निघते हे सिद्ध करून दाखवलं. सगळा वॉर्ड हसला. विलास रडला.

आता येतं ते.

घरी सोडायच्या सकाळी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. मला सांगू लागल्या — बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही. लघवी रोखून धरायची नाही. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यायचा. ओले कपडे लगेच बदलायचे. आणि पाणी भरपूर, त्यानं पिशवी धुतली जाते. मग आईंकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अम्मा, घर में पानी कितना पीती थीं?"

आई म्हणाल्या, "पानी कहाँ पीती थी? मना था न. पाय सुजले तं डॉक्टरनं मना केलं होतं."

"किसने बोला ऐसा?"

आईंनी माझ्याकडे बोट केलं. रागानं नाही हो. साक्षीदार दाखवावा तसं, विश्वासानं. "हिनं सांगतलं नं मले, ऑटोत. डॉक्टर म्हनला म्हनून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विलासनं पाहिलं. खरं बोलायला तेव्हा किती वेळ लागला असता?

"मी? मी कधी म्हणाले, आई?" माझा आवाज इतका मऊ निघाला की माझंच मला नवल वाटलं. "मीठ कमी करा म्हणाले होते डॉक्टर. मिठाचं सांगितलं मी. तुमचा घोळ होऊन राहिला."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. "नाई वं. पानी म्हनली होतीस. ऑटो वळत होता तेव्हा."

"आई, तुम्ही तर यांनाही बाबा समजून हाक मारत होतात."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. या आजारात असा गोंधळ होतो म्हणाल्या, काळजी करू नका. विलासनं आईंच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे, आई. होते असं."

आईंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे झालं ते मी पाहिलं. आधी हट्ट होता. मग त्यांनी विलासकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे — आणि हट्ट सुटला. "असन," म्हणाल्या. "असन बाप्पा."

घरी आल्यावर मी त्यांचं सगळं केलं. गोळ्या वेळेवर दिल्या, दर थोड्या वेळानं पाणी पाजलं. मधे भोक असलेली खुर्ची आणून खाटेजवळ ठेवली, खाली भांडं. इतकं सोपं होतं. ते दुखणं पुन्हा झालं नाही. पण हे सांगून मी काही फेडत नाहीये. दुसरं जे केलं होतं त्यावर गोळी नव्हती.

कारण आई बदलल्या. बोलता बोलता थांबायच्या आणि विलासला विचारायच्या, "मी बरोबर सांगून राहिली न?" नाव ओठावर असायचं, बरोबर असायचं — मला माहीत असायचं — आणि तरी त्या गिळून टाकायच्या. सोयरिकीला विचारायला कोणी आलं तर म्हणायच्या, "मले आता भरोसा नाई बाप्पा. दुसऱ्या कोनाले विचारा." हळूहळू लोक यायचे थांबले.

एकदा मी त्यांचे केस विंचरत होते. घरात दोघीच. पाठमोऱ्या बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "खरं सांग. मले राग नाई येनार. तू म्हनली होती का पान्याचं?"

कंगवा थांबला माझा. कोण होतं ऐकायला? कोणाची भीती होती?

"नाही, आई," मी म्हणाले.

"हो न," त्या म्हणाल्या. "मलेच भास झाला असन."

गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत आई झोपेतच गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. विलास लोकांना सांगत होता, हॉस्पिटलातून आली तेव्हापासूनच आईचं डोकं कामातून गेलं होतं, तिला काही आठवत नसे. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का हो? इतकी हुशार बाई?"

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मी होकाराची मान हलवली.