पासपोर्टमधली विभूतीची पुडी

खरं सांगायचं तर सिद्धेश्वर महाराजांवर माझी श्रद्धा होती, पण ती सोलापुरापुरती. विमानात बसताना ती आईच्या ताब्यात देऊनच मी निघायचो. परदेशात नोकरीला लागल्यापासून कपाळाला विभूती लावली ती सुट्टीच्या दिवशी, घरातल्या घरात. ऑफिसात कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची लाज वाटायची. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

आमच्या घरात महाराजांच्या संक्रांतीतल्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज पेलण्याची सेवा आहे. घरांच्या माळवदांच्याही वर जाईल एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरायची आणि दिवसभर शहरातून चालायचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तीस वर्षं पेलली. कॉलेजात असताना मीही त्यांच्या मागोमाग सराव केला होता, थोडं थोडं अंतर काठी घेतलीही होती. यंदा अप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. अप्पांचा फोन आला, "यंदा पट्टा तू बांध. नाय जमलं तर सांग, मी हाय की." ते 'मी हाय की' ऐकून मला घाम फुटला. मी एकुलता एक. मी गेलो नाही तर ते खरंच काठीखाली उभे राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अडचण होती व्हिसाची. तिथे राहायचा परवाना होता, पण देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा संपला होता. तो नवा करायचा तर अर्ज आणि पासपोर्ट टपालाने राजधानीच्या कचेरीत पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं. कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा तोरा. यादी केली, एकेका कागदापुढे खूण केली, पाकीट रवाना केलं आणि अप्पांना म्हणालो, "आलोच समजा."

पाच आठवडे गेले. यात्रा तीन आठवड्यांवर आली. आई रोज देवळात जात होती आणि मी रोज टपालाची पेटी उघडत होतो. एका सकाळी ऑफिसात फोन आला. कचेरीतल्या बाई विचारत होत्या, "आज तुमचं पाकीट उघडलं. पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक कागदाची पुडी आहे, तिच्यात पांढरी पूड आहे. हे काय आहे?"

गेल्या खेपेला निघताना आईने विभूतीची पुडी कव्हरमध्ये खुपसली होती. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाली होती, "असू दे की. लई शहाना झालास. तुला काय तिचं ओझं होतंय?" कागद न् कागद मोजणारा मी ती पुडी साफ विसरलो होतो.

शेजारी सहकारी बसले होते. अंगाला लावायची पावडर आहे, ही थाप जिभेवर आलीही होती. पण का कोण जाणे, मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "ती आमच्या ग्रामदैवताची विभूती आहे. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून आईने ठेवली. माझ्या वडिलांनी तीस वर्षं देवाची काठी पेलली, यंदा माझी पाळी आहे. म्हणून मला घरी जायचंय." सहकारी वळून पाहू लागले. पाहू देत, असं मनात आलं आणि फार बरं वाटलं.

पलीकडे बाई हसल्या. "माझी आईही माझ्या बॅगेत काय काय घालते," म्हणाल्या. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. पुडीमुळे माझं पाकीट तपासणीला बाजूला काढलं होतं, म्हणून त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या पानावर माझी सहीच नव्हती. एरवी असा अर्ज तसाच परत आला असता आणि मला पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागलं असतं. "आजच सही करून ते पान ईमेलने पाठवा," त्या म्हणाल्या. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

आठवड्याने पासपोर्ट आला. आत नवा व्हिसा होता आणि कव्हरमध्ये ती पुडी, सांडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली.

यात्रेच्या दिवशी मी पांढरी बाराबंदी घातली. अप्पांनी स्वतःच्या हातांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला. पुडीवरची ती चिकटपट्टी नखाने सोडवून त्यांनी तीन बोटांनी माझ्या कपाळावर विभूती ओढली आणि म्हणाले, "उचल." 'एकदा भक्तलिंग हर्र'चा गजर झाला आणि काठी उभी राहिली. वजन होतं, पण ते मी एकटा पेलतोय असं वाटत नव्हतं. गर्दीत कोणीतरी विचारलं, "कुनाचा पोरगा ओ?" मागून अप्पांचा आवाज आला, "माझा हाय की! तिकडनं आलाय, काठीसाठी." माझी छाती फुगली आणि डोळेही भरून आले.

याला योगायोग म्हणायचं की कृपा, यावर मी वाद घालत नाही. माझ्या चोख यादीने मला घरी आणलं नाही, एवढं मात्र खरं. महाराजांचे आणि त्या अनोळखी बाईंचे उपकार मी जन्मभर मानीन.

परतीच्या दिवशी आईने नवी पुडी बांधली आणि मी काय म्हणतो म्हणून माझ्याकडे पाहिलं. या खेपेला पासपोर्टचं कव्हर मीच तिच्यापुढे उघडून धरलं.