दाराला लटकू नका

काझिमिर व्होयताला यांच्या गॅरेजमध्ये शिरलं की समोर पाटी दिसायची. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लाल रंगात, हातानं लिहिलेली : 'दाराला लटकू नका.' हे गॅरेजच्या दाराबद्दल नव्हतं, आत उभ्या असलेल्या गाडीच्या दाराबद्दल होतं. नवा माणूस पाटी वाचून हसायचा. त्याला वाटायचं, गाडीच्या दाराला लटकायला आपण काय माकड आहोत? जुना माणूस हसायचा नाही. पाटी आपल्यासाठी नाही हे त्याला ठाऊक असायचं. जिच्यासाठी होती ती अकरा वर्षांपूर्वीच ॲरिझोनाला गेली होती, आणि तिनं ती पाटी तोवर पाहिलेलीच नव्हती.

काझकाका माझे शेजारी. मध्ये कुंपण आहे, पण ते आडवं झालं त्याला जमाना लोटला. उभं कोणी करायचं यावर आमचा गोड वाद आहे, आणि तोवर दोघंही त्याच्यावरून ये-जा करतो. आमच्या गावाच्या, बे सिटीच्या, दक्षिण टोकाला बीटपासून साखर करणारा कारखाना आहे, त्यात त्यांनी बॉयलरपाशी उभी हयात काढली. आईच्या मागं आईच्याच घरात राहतात, एकटे. लग्न केलं नाही की झालं नाही, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. काका कुठल्याच पक्षाला मत देत नाहीत.

गाडी त्यांची नाही. धाकट्या बहिणीची, व्हर्नाची. सत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची, पुढच्या झाकणाखाली आठ सिलिंडरांचं इंजिन. टेलिफोन ऑफिसातल्या पहिल्या पगारांवर व्हर्नानं ती घेतली, आणि सगळ्या गल्लीनं तोंडात बोट घातलं, कारण तेव्हा असली गाडी पोरं घ्यायची आणि पोरी तिच्यात बसायच्या. लग्न होऊन ती नदीपलीकडं गेली तरी दर रविवारी चर्च आटोपलं की गाडी घरघरत इकडंच यायची. माहेर म्हणजे तिला आई, काझ आणि हे अंगण.

आणि मग निघणं. आमच्याकडे निघणं म्हणजे जेवणाहून मोठा कार्यक्रम. आधी बसल्या जागी दोन्ही मांड्यांवर थाप मारून म्हणायचं, "चला, निघते आता." मग अर्धा तास कोणी उठायचं नाही. मग दारात उभं राहून एक गोष्ट. मग पायरीवर दुसरी. खरी बैठक गाडीपाशी. व्हर्ना गाडीचं दार उघडायची, पण आत बसायची नाही. उघड्या दाराच्या वरच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकायची, त्यांवर हनुवटी, एक पाय उचललेला, आणि अंगाचा सगळा भार त्या दारावर टाकून बोलत सुटायची. दोन दारांच्या गाडीचं दार आधीच लांबलचक आणि वजनदार.

"व्हर्ने, उतर खाली! बिजागरी बसेल," काका ओरडायचे.

"बसू दे की. बिचारी कधीची उभीच आहे."

बसली. दार इतकं खाली आलं की लावताना हँडल धरून उचलावं लागायचं आणि मग दाणकन आपटायचं. आधी कण्हल्यासारखी कुरकुर, मग दणका. पलीकडच्या ट्रूडीबाई सदोव्स्की तो दणका ऐकून बटाटे उकडायला ठेवायच्या. म्हणायच्या, "निघाली एकदाची. चला, संध्याकाळ झाली."

मग व्हर्नाच्या नवऱ्याची, मर्लची, छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. ते दोघं ॲरिझोनाला निघाले. गाडी निघू शकत नव्हती. आमच्याकडं हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बर्फ वितळवतंच, पण पत्राही खातं. मागच्या चाकांवरची कमान अशी झाली होती की बोट लावलं तर आरपार. काका म्हणाले, "ठेव इथं. करतो नीट."

"झाली की येते न्यायला," व्हर्ना म्हणाली. विमानतळाची टॅक्सी हॉर्न देत होती. टॅक्सीचं दार परकं, त्याला लटकता येत नाही. तिनं ते नीट लावलं आणि गेली. आईला पुरलं तेव्हा काकांचे डोळे कोरडे होते. व्हर्ना गेली त्या दिवशी मात्र, ट्रूडीबाई सांगतात, ते अंगणात उभे राहून शिंकत होते. सर्दी म्हणे. ऐन उन्हाळ्यात.

तेव्हापासून दर रविवारी फोन.

"झाली का रे?"

"होईल."

"झाली की येते."

"ये की."

एवढंच. यात न समजण्यासारखं काही नाही. आमची माणसं 'आठवण आली' म्हणून कोणाच्या दारात जात नाहीत. कोणी नेलेली करवत परत द्यायला जातो, कोणी जास्त झालेल्या काकड्या. हाती काही नसलं तर माणूस घरीच बसून कुढतो. व्हर्नाला यायला निमित्त हवं होतं, काकांना बोलवायला. दोघांच्या मिळून हाती तेवढी एक गाडी होती.

आणि काकांनी काम केलं. ते मी पाहिलंय. गंजलेला पत्रा कापून काढला, नवा वळवून जागेवर वेल्ड केला. दार उतरवून बिजागऱ्यांच्या खिळीभोवती स्वतः कातलेले पोलादी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, बसवले. म्हणाले, "आता हत्ती लटकू दे." मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. या कामाला अंत नसतो, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. करड्या प्रायमरवर काळी भुकटी हलकेच फिरवायची, मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासायचं. उंचवट्यावरचं काळं निघून जातं, खळग्यातलं राहतं. राहिलं तिथं पुट्टी भरायची, वाळली की पुन्हा भुकटी, पुन्हा घासणं. शेवटचा निकाल हाताचा. काका तळव्यावर जुन्या बनियनचा तुकडा धरून, डोळे मिटून, पत्र्यावरून हात फिरवतात. झोपलेल्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गंमत अशी की काळं राहायचंच बंद झालं. काका भुकटी फिरवायचे, घासायचे, सगळी साफ. तरी दुसऱ्या दिवशी डाव्या कमानीजवळ पुट्टीचा नवा थर.

लेंटच्या उपवासांआधीच्या मंगळवारी ट्रूडीबाई पूंचकींचा, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या गोळ्यांचा, डबा घेऊन आल्या. आत आलुबुखाऱ्याचा गोड गर, वर साखर. त्यांची नव्वदी जवळ आलीये आणि जीभ अजून विशीत आहे. त्यांनी कमानीपाशी बोट नेलं.

"काझ्या, हा खड्डा मागल्या लेंटलाही इथंच होता."

"तो बुजवला. हा नवा."

"गॅरेजात उभ्या गाडीला नवा खड्डा?"

"पत्रा श्वास घेतो, ट्रूडी. थंडीत आकसतो, उन्हात फुगतो."

"पत्रा घेतोय श्वास. तू रोखून धरलायस." त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. "तू ठेव रे हात. डोळे मीट. लागतंय काही?"

मी हात फिरवला. अंड्यावरून फिरवावा तसा सरकला.

"बोल की. पूंचकी तोंडात आहे म्हणून गप्प आहेस की काकाला घाबरून?"

"दोन्ही," मी म्हणालो.

काका फळी झटकत राहिले. ट्रूडीबाई मागच्या स्टुलावर बसल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला आधी त्यांचा आवाज वाटलाच नाही. "रंग लागला की झाली. झाली की ती येणार. आली की गाडी घेऊन जाणार. मग रविवारी फोनवर विचारायला काय उरणार, असंच ना?"

"हवामान विचारेल," काका म्हणाले.

"तिच्याकडं एकच हवामान आहे. ते किती वर्षं पुरेल?"

काका कमानीवर पुन्हा काळी भुकटी फिरवायला लागले. गाडी झाली तर गाडी जाणार. नाही झाली तर बहीण येणार नाही. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते किती वर्षं घासत बसले होते, देव जाणे.

ट्रूडीबाईंना चिंचोळ्या जागा सोसत नाहीत. मीठ पडायला अजून दोनेक महिने होते, अशा एका रविवारी काकांचा फोन वाजला. हातांना पुट्टी होती म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबून फोन कामाच्या टेबलावरच ठेवला, आणि गॅरेजभर व्हर्नाचा आवाज घुमला.

"लबाडा! ट्रूडीनं फोटो पाठवलाय. अंड्यासारखी झालीये म्हणे."

"रंग नाही अजून."

"रंग मी इकडं लावीन. इकडं पाऊस वर्षातून एकदा पडतो, तोही चुकून. मीठ पडायच्या आत येतोय आम्ही, मी आणि मर्ल. विमानानं येऊ, गाडीनं जाऊ."

"बरं."

"बरं काय? ये म्हण."

"ये."

फोन बंद झाला. काकांनी फळी ठेवली आणि तिथंच स्टुलावर बसले. हात मांडीवर उताणे, पुट्टी वाळेस्तोवर. मला वाटलं, आता रुसतील, नाहीतर रात्रंदिवस रंग तरी लावायला घेतील. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काकांनी चालकाकडचं दार उतरवलं होतं. ज्या पोलादी बुशांवर हत्ती लटकणार होता ते ठोकून काढले आणि साधे पितळी बसवले, दुकानात मिळतात ते.

"काका, ते काय वाईट होते?"

"मूळचे असलेच होते," काका म्हणाले, आणि मला दार धरायला लावून विषय संपवला.

ती आली तेव्हा मेपलची पानं लाल झाली होती. केस पांढरे, अंगानं निम्मी, चाल तीच. भावाला मिठी वगैरे काही नाही. खांद्यावर एक गुद्दा मारला. त्यांनी विचारलं, "विमानात खायला दिलं का?" झालं स्वागत.

गॅरेजमध्ये आल्यावर तिनं आधी पाटी वाचली.

"ही माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळे कोण लटकतात रे?"

काका पानं आत उडून आलीत का ते बघायला लागले. तिनं कमानीवरून हात फिरवला, हळू, पार मागच्या दिव्यापर्यंत. मग दार उघडलं आणि सवयीनं हँडल धरून उचलायला गेली. उचलायला काही नव्हतंच. एका बोटानं ढकललं, टक् करून लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा टक्.

"हे माझं दार नाही," ती म्हणाली.

"तुझंच आहे. नीट केलंय."

"इतकं नीट, की आईनं ऐकलं असतं तर स्वयंपाकघरातून विचारलं असतं, कोण पाहुणे आले ते."

काकांचा चेहरा असा झाला की मी उगाच बाहेर जाऊन कुंपण उभं करता येतंय का ते पाहिलं. आलं नाही.

दोन दिवस राहिली. आईच्या थडग्यावर फुलं ठेवली, शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे खाल्ले, पत्त्यांत ट्रूडीबाईंशी भांडली. निघायच्या सकाळी तिनं मांड्यांवर थाप मारली. "चला, निघते आता." मर्ल बिचारा बाहेरगावी वाढलेला. त्याला ते खरंच वाटलं. तो जाऊन गाडीत बसला, पट्टा लावून.

व्हर्ना दारात बोलली, पायरीवर बोलली, मग गाडीपाशी आली. करडी गाडी ऑक्टोबरच्या उन्हात उभी होती. तिनं दार उघडलं, कोपरं वर नेली, आणि थांबली. गॅरेजमधली पाटी तिथूनही दिसत होती. तिनं हात खाली घेतले.

"राहू दे. एवढी मेहनत केलीयेस."

काका बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाले, "बुश पितळी आहेत."

"म्हणजे काय?"

"मऊ असतात. भार पडला की झिजतात."

"झिजले की?"

"दार बसतं. उचलून लावावं लागतं."

"अरे देवा. मग तिकडं कोणाकडं नेऊ?"

"तिकडच्यांना काय जमणार? त्यांनी कधी गंज पाहिलाय?" काकांनी घसा साफ केला. "इकडंच आणावी लागेल."

व्हर्ना भावाकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही कोपरं दारावर टेकली. त्यांवर हनुवटी. एक पाय उचलला. थोडा विचार केला आणि दुसराही उचलला. सत्तरीची बाई, शाळकरी पोरीसारखी दाराला लोंबकळली.

काका तोंड उघडून उभे होते. शब्द अगदी ओठावर आलेला दिसत होता मला. त्यांनी तो गिळला, आणि विचारलं, "टेलिफोन ऑफिसातली ती हेलन, तिचं पुढं काय झालं गं?"

हेलनचं सगळं सांगून झालं. मग हेलनच्या मुलींचं. मर्ल पट्टा काढून घरात लघवीला जाऊन आला आणि पट्टा लावून पुन्हा बसला. ट्रूडीबाई पडद्याआड उभ्या होत्या, हातात बटाटे. दणका कधी होतोय याची वाट बघत होत्या बहुतेक, जुन्या सवयीनं. तो झालाच नाही. शेवटी नुसतं टक् झालं, आणि करडी गाडी नदीच्या दिशेनं घरघरत गेली. तो आवाज पुलापलीकडून ऐकू येईनासा होईपर्यंत काका अंगणात उभे होते. शिंकत होते.

गॅरेज आता फार मोठं दिसतं. मधल्या फरशीवर पुट्टीच्या पांढऱ्या धुळीत गाडीच्या आकाराची एक स्वच्छ जागा आहे. काका तिच्याभोवतीनं झाडतात, तिच्यावर पाय देत नाहीत. पाटी काढून टाकलीये. मी कुंपणावरून गेलो की विचारतात, "बस. काम आहे का काही?" आणि मीही काकड्या नेल्यासारखं काहीतरी निमित्त सांगतो.

परवाच्या रविवारी मी तिथंच होतो. रस्त्यावर पहिलं मीठ पडलं होतं. फोन वाजला. व्हर्नानं हवामान सांगितलं. ऊन. काकांनी हवामान सांगितलं. बर्फ. हवामान संपलं. मला वाटलं, संपला फोन. तेवढ्यात काकांनी विचारलं,

"दार कसं आहे?"

"एका बोटानं लागतंय अजून."

काका खिडकीबाहेरच्या बर्फाकडं बघत होते.

"मग लटकत जा की जरा," ते म्हणाले.